गोत्रमापी

एर्मेलिंदा अमिसे नावाच्या बाईने हर्षदा गावडेच्या टेबलावर कापडी पिशवी उपडी केली. काजूगर फायलींवर सांडले, कीबोर्डवर सांडले, दोन-चार चहाच्या बशीत पडले.

बाई पोर्तुगीजमधून काहीतरी म्हणाली. हर्षदाच्या कानात वालाच्या दाण्याएवढा दुभाष्या होता. तो अदबीने म्हणाला, "कृपया याचे सेवन करावे आणि याचे उगमस्थान कळवावे."

समोरच्या बाईचा चेहरा पाहून कुणीही सांगितलं असतं, की ती असलं काही बोललेली नाही. हर्षदाने कानाला हात लावून दुभाष्याचं 'सौजन्य' बंद केलं. कचेरीत ते बंद करायला मनाई होती. लोक खरोखर काय बोलतात हे ऐकायची वेळ अधिकाऱ्यांवर येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू असावा.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"खा म्हटलं. खा आणि सांग कुठले आहेत ते. तुझं यंत्र म्हणतं, यातला तीस टक्के काजू आमचा नाही. मग कुणाचा? माझ्या झाडांना मी बाहेरून बिया आणून चिकटवल्या?"

एर्मेलिंदा छप्पन्न वर्षांची होती. मोझांबिकच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अंगोशे गावात सहाशे बायकांनी मिळून चालवलेला काजू सोलण्याचा कारखाना होता, त्याची ती अध्यक्ष. आपल्या गोव्यात या नावाच्या दहा बायका सापडतील. पोर्तुगिजांनी काजूही दोन्हीकडे लावला आणि नावंही. एरवी हर्षदाने हे कौतुकाने बोलून दाखवलं असतं, पण आज ती वेळ नव्हती. अंगोशेच्या काजूची ही तिसरी खेप नापास झाली होती, आणि सागरसंघाच्या नियमानुसार तीन खेपा नापास झाल्या, की त्या मालावरची त्या देशाची सवलत पाच वर्षांसाठी जाते. सुनावणीला तीन आठवडे उरले होते. सवलत गेली की कारखाना गेला, हे दोघींनाही माहीत होतं.

"यंत्र खोटं बोलत नाही," हर्षदा म्हणाली. "त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. ते फक्त हायड्रोजन मोजतं."

"मग हायड्रोजन खोटं बोलतो." एर्मेलिंदा खुर्चीवर बसली नाही. "माझी आई अंगोशेच्या जुन्या कारखान्यात होती. मी दहा वर्षांची असताना परदेशी बँकेचे साहेब आले. मदत हवी तर कच्ची बी बाहेर जाऊ द्या म्हणाले. बी गेली. तुमच्याकडे आली. कारखाना बंद पडला. आईच्या हाताला परत कधी काम मिळालं नाही. चाळीस वर्षांनी आम्ही तो उघडला, तुमच्या या संघाच्या भरवशावर. आणि तू मला चोर म्हणतेस."

"चोर असं मी म्हटलेलं नाही."

"कागदावर म्हटलंयस. खाली सही तुझी आहे."

सही तिचीच होती. एर्मेलिंदा दार न ओढताच निघून गेली. हर्षदाने टेबलावरचे गर गोळा केले. नमुना असा सांडला की टाकून द्यायचा असतो. पण टाकायला हात उचलेना, म्हणून तिने ते आपल्या पर्समध्ये ठेवले.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं.

सागरसंघ म्हणजे हिंदी महासागरातून व्यापार करणाऱ्या एकोणतीस देशांचं मंडळ. त्यात गबर देश होते, मधले होते, आणि अकरा देश असे, ज्यांना कागदोपत्री 'दुर्बल सदस्य' म्हणत. जगात एक रीत पूर्वापार चालत आलेली आहे. गरीब देशाने कच्चा माल आणला तर दार सताड उघडं. तोच माल त्याने सोलून, भाजून, डब्यात भरून आणला की जकात. म्हणजे तुम्ही बी पिकवा, बरकत आमच्याकडे. सागरसंघाने ही रीत मोडायचं ठरवलं. त्याच्या सनदेचं सातवं कलम सांगत होतं, की दुर्बल सदस्याच्या तयार मालावर जकात नाही. कलम चांगलं होतं, लिहिणारी माणसंही चांगली असावीत. अट एकच: माल त्याच देशाचा हवा, दुसऱ्याचा माल गरिबाच्या नावावर खपवायचा नाही. अटही रास्त. पण माल कुणाचा हे ओळखायचं कसं? तिथे हर्षदाचं यंत्र आलं.

यंत्र तिने काढलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. बाहेरची बी सोलून 'वेंगुर्ला काजू' म्हणून विकणाऱ्यांना पकडायला. त्यामागचा विचार सोपा आहे. झाड पावसाचं पाणी पितं आणि त्या पाण्यातला हायड्रोजन आपल्या फळात, बीत, तेलात बांधून ठेवतं. हायड्रोजनचे अणू दोन तऱ्हांचे, साधे आणि जड. ढगातून जड पाणी आधी गळतं, हलकं मागाहून. आपल्याकडे पाऊस इतका कोसळतो, की जडाचा भाग सुरुवातीलाच संपतो. मोझांबिकच्या किनाऱ्यावर पाऊस बेताचा, तिथे जड अणू जास्त उरतात. काजूगर जाळून त्याच्या वाफेतले जड आणि साधे अणू मोजले, की तो कुठल्या आभाळाखाली वाढला ते कळतं. जोडीला दुसरी खूण असते स्ट्रॉन्शियमची. हा धातू खडकातून मातीत, मातीतून मुळात आणि तिथून बीत येतो. प्रत्येक प्रदेशाच्या खडकाची खूण वेगळी.

पहिल्या यंत्रात दोन्ही खुणा वाचल्या जात. सागरसंघाने यंत्र घेतलं तेव्हा अट घातली, निकाल आठ मिनिटांत हवा. स्ट्रॉन्शियमला दोन दिवस लागत, त्याला आम्लं लागत, निष्णात माणूस लागे. हर्षदाने स्ट्रॉन्शियम काढून टाकलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत, हिवाळ्यात, तिने पाच हजार नमुने तपासले होते आणि नुसत्या हायड्रोजनवर एकही निकाल चुकला नव्हता. कोकणात खाडीच्या तोंडाशी संघाचं नवं बंदर झालं तेव्हा उद्घाटनाला तिचा सत्कारही झाला. सरकारी नाव ठेवलं 'उद्गममापी'. हमालांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'गोत्रमापी' करून टाकलं.

सहा वर्षांत गोत्रमापीने दुर्बल सदस्यांच्या दोनशे बारा खेपा नापास केल्या. गबर देशांची एकही नाही.

रविवारी हर्षदा वेंगुर्ल्याजवळच्या तुळस गावी भावाकडे गेली. सिद्धेश तिच्याहून चार वर्षांनी मोठा. घराच्या मागच्या पडवीला लागून त्याचा काजूचा कारखाना, चाळीस बायका कामाला. आई त्याच्याकडेच राहायची. तिने तीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात बी फोडली होती. टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती ती अजून तशीच होती.

सुट्टीचा दिवस असूनही पडवीत काम चालू होतं. पोर्तुगीज अक्षरं छापलेली खोकी फुटत होती आणि त्यातले गर 'अस्सल वेंगुर्ला'च्या पाकिटांत चालले होते. नापास झालेला माल परत न्यायला कुणाची ऐपत नसे. तो बंदरावरच लिलावात निघे आणि आसपासचे कारखानदार मातीमोलाने उचलत. हर्षदाला हे ठाऊक होतं. आजवर तिने कानाडोळा केला होता, कारण भाऊ तो भाऊ.

"दादा, ह्या बरोबर नाय," आज ती म्हणाली.

सिद्धेश हसला. "तुज्याच मशिनीन सांगल्यान ना, तीस टक्के कोकणातलो म्हणान? मग मी वेंगुर्ला छापलंय तर काय चुकला?"

ती आत जाऊन आईजवळ बसली. आईने सवयीने तिच्या पर्समध्ये हात घातला; लेक काही खाऊ आणते का, ते बघायची आईची खोड म्हातारपणी लागलेली. तिच्या हाताला काजूगर लागले. एक तोंडात टाकला, चावला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये सादाळलेत गो. किती दिवस उघड्यार होते?"

"उघड्यार नाय, आये. पिशयेत होते. मोहर केलेली पिशवी."

"कसली पिशवी?"

"कापडाची."

आई तिच्याकडे बघत राहिली. "पावसात? गर? कापडात?" मग हसूच फुटलं तिला. "येवडा शिकलंस, आनि ह्या तुका कळाक नाय?"

हर्षदा हसली नाही. ती उठून बाहेर अंगणात गेली आणि उभी राहिली.

कोकणात जन्मलेल्या पोरीला पापड सादळतात, गर सादळतात, चिवडा सादळतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. मे संपायच्या आत घरोघर डब्यांची झाकणं घट्ट बसतात. हे सगळं तिला पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं आणि यंत्र बनवताना यातलं एक अक्षरही आठवलं नव्हतं, कारण ते विज्ञान नव्हतं, ते आईचं काम होतं. स्वतःच्या या हुशारीची तिला शिसारी आली.

गबर देशांचा माल 'विश्वासू व्यापारी' म्हणून तासाभरात यंत्रासमोर येई. दुर्बलांसाठी मात्र 'विशेष साहाय्य मार्गिका' होती. नाव ऐकून वाटावं, की हात धरून नेतात. तिथे चौदा कागद लागत. एकेका शेतकऱ्याचा दाखला, एकेका गोणीचा प्रवास. माल उतरला की साक्षीचा नमुना काढून कापडी पिशवीत घालायचा, लाखेची मोहर करायची आणि पिशवी शेडमधल्या खुंटीला टांगायची. कागद पुरे झाले की मग तपासणी. सरकारी नमुना कापडातच बांधायचा ही चाल इंग्रजाच्या काळापासूनची, ती कुणी बदलली नव्हती. कागद पुरे व्हायला सरासरी सत्तेचाळीस दिवस लागत.

सत्तेचाळीस दिवस काजूगर कोकणची दमट हवा पीत खुंटीला लोंबत होते. गरातला बराचसा हायड्रोजन तेलात पक्का बांधलेला असतो, पण थोडा सैल असतो. हा सैल हायड्रोजन भोवतालच्या बाष्पाशी अदलाबदल करत राहतो. आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येऊन बसतो. तपासणीआधी नमुना वाळवला तरी फक्त पाणी उडतं, आत येऊन बसलेला हायड्रोजन राहतोच. म्हणून यंत्राला त्या काजूत कोकण सापडत होतं. कोकण तिथे खरंच होतं. संघानेच ते घातलं होतं आणि मग संघानेच विचारलं होतं, तुमच्या काजूत हे परकं कुठून आलं?

दुसऱ्या दिवशी तिने एर्मेलिंदाला बोलावून घेतलं. अंगोशेहून आणलेला एक हवाबंद डबा एर्मेलिंदाच्या सामानात होता. तो तिच्यासमोर फोडला. निम्मे गर लगेच यंत्रात गेले: अठ्ठ्याण्णव टक्के मोझांबिक. निम्मे कापडी पिशवीत घालून शेडमध्ये टांगले आणि रोज चिमूटभर तपासले. तिसऱ्या दिवशी एक्याण्णव. आठव्या दिवशी ब्याऐंशी. तोवर जुन्या नापास नमुन्यांचं स्ट्रॉन्शियमही तिने स्वतः बसून काढलं. एकूणएक गर अंगोशेच्या खडकावरचा निघाला.

"म्हणजे मी चोर नाही," आकडे बघून एर्मेलिंदा म्हणाली.

"नाही."

"हे मला माहीत होतं. तू कुणाला सांगणार?"

हर्षदाने बंदरावरच्या तपासणी केंद्राचे संचालक राजवाडे यांना सांगितलं. राजवाडे शांत, चांगले गृहस्थ. त्यांनी सगळा अहवाल वाचला, चष्मा काढला आणि पुसला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पुढच्या हंगामापासून बरण्या देऊ. पत्र्याचे डबे म्हणतेस तर डबे."

"आणि या खेपा? मागच्या दोनशे बारा?"

"मागचं उकरून काय मिळणार आहे, हर्षदा?"

"सर, लोकांचे कारखाने बंद पडलेत."

"ऐक. मोठ्या देशांना सातवं कलम मुळात नकोच होतं. आम्ही दार उघडलं, पण हे लोक लबाडी करतात, असं त्यांना म्हणायचं होतं. तुझ्या यंत्राने त्यांना ते आकड्यांत दिलं. आता तू म्हणालीस, की यंत्रच चुकलं, तर ते यंत्रावर रागावणार नाहीत. कलमच काढून टाकतील. आहे ते टिकवायचं असेल तर गप्प बसून हळूहळू सुधारावं."

राजवाड्यांचा युक्तिवाद गुळगुळीत होता आणि त्यामुळेच हर्षदाचा तिळपापड झाला. ज्याचं नुकसान होतंय त्याने हळूहळू सुधारणेची वाट पाहायची आणि ज्याला झळ नाही त्याने सबुरीचे धडे द्यायचे. ती उठली. सुनावणीत साक्ष तिचीच होती.

सुनावणीला तीन सदस्य होते. अध्यक्षबाई समोर बसलेल्या, दोघे पडद्यावर. तिघेही गबर देशांचे, हे वेगळं सांगायला नको. एर्मेलिंदा एका बाजूला एकटी. हर्षदाने पिशवीपासून स्ट्रॉन्शियमपर्यंत सगळं सांगितलं. आपण काय विसरलो, तेही सांगितलं.

अध्यक्षबाईंनी मान डोलावली. त्यांचा दुभाष्या अर्थातच सौजन्यावर होता. "आपल्या प्रांजळपणाचे समिती स्वागत करते. म्हणजे यंत्र भरवशाचे नाही?"

"जो थांबत नाही त्याच्यासाठी भरवशाचं आहे. ज्याला तुम्ही थांबवून ठेवता, त्याच्यासाठी नाही."

तिघांनी आपसांत चर्चा केली. चहा यायला जेवढा वेळ लागतो, तेवढीसुद्धा चालली नाही. मग अध्यक्षबाईंनी निर्णय वाचला. मोझांबिकवरचा आरोप मागे. एर्मेलिंदाने डोळे मिटले. पण वाक्य संपलेलं नव्हतं. दुर्बल सदस्यांच्या मालाचं मूळ ओळखण्याचं खात्रीचं साधन आज उपलब्ध नाही असं तज्ज्ञांनीच सांगितल्यामुळे, तसं साधन मिळेपर्यंत सातव्या कलमाखालच्या सगळ्या सवलती स्थगित. अकराही देशांच्या.

एर्मेलिंदा हसली. असं हसणं हर्षदाने आधी ऐकलं नव्हतं, पुन्हा ऐकायची तिची इच्छाही नव्हती. राजवाड्यांनी खाली पाहिलं. ते जे म्हणाले होते तेच झालं होतं.

"आता एवढा नेहमीचा कागद," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक पान पुढे सरकवलं. यंत्राचं वार्षिक प्रमाणपत्र. बनवणाऱ्याच्या सहीने दरवर्षी याच महिन्यात नवं होतं. हर्षदाने सहा वर्षं ते न वाचता सही करून दिलं होतं. आज वाचलं. 'हे यंत्र सर्व सदस्यांच्या मालासाठी अचूक असल्याचे मी प्रमाणित करते.'

"आत्ताच तुम्ही म्हणालात, ते भरवशाचं नाही."

"ते दुर्बल सदस्यांपुरते. इतरांचे काम चालू राहिले पाहिजे."

"इथे तर सर्व सदस्य लिहिलंय."

"तो मजकूर जुना आहे."

"मजकूर खोटा आहे," हर्षदा म्हणाली. "मी सही करत नाही."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. राजवाड्यांना सगळ्यात आधी कळलं. त्यांचा हात कपाळावर गेला. प्रमाणपत्र नसलं तर यंत्र चालवता येत नाही. यंत्र बंद असलं, तर नियमाप्रमाणे प्रत्येक खेप, कुणाचीही असो, चौदा कागदांच्या मार्गिकेत जाते. विश्वासू व्यापारी ही पायवाटच यंत्राच्या जिवावर होती.

"आपण विचार करून बोलत आहात ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सहा वर्षांत पहिल्यांदाच," हर्षदा म्हणाली.

त्या संध्याकाळीच तिला निलंबनाचं पत्र मिळालं. पण निलंबित माणसाची सही दुसरा कुणी करू शकत नाही, ही तरतूद कोणी तरी फार पूर्वी, फार काळजीपूर्वक लिहून ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून बंदर तुंबलं. चीज आलं, सफरचंदं आली, थंड कंटेनरांतून गुलाब आले, आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला गेला: शेतकऱ्याचा दाखला कुठे आहे? ज्यांनी हा कागद जन्मात पाहिला नव्हता ते तो शोधू लागले. पाचव्या दिवशी गुलाब फेकावे लागले. सातव्या दिवशी एका देशाच्या मंत्र्याने टीव्हीवर सांगितलं, की ही पद्धत अमानुष आहे, कष्टकऱ्यांच्या पोटावर पाय देणारी आहे. हर्षदा ते बघत होती. सहा वर्षं हीच पद्धत त्यांच्याच सहीने चालू होती, तेव्हा ती माणुसकीची होती. तिला टीव्ही फोडावासा वाटला.

आठव्या दिवशी सकाळी सिद्धेश आला. बरोबर आई होती. लिलाव बंद झाला होता, पडवीतली खोकी संपली होती.

"चाळीस बायलो बसान आसत," तो म्हणाला. "आपल्याच गावातल्यो. त्येंका काय सांगू? आफ्रिकेतल्यो बायलो तुका दिसल्यो, ह्यो दिसाक नाय?"

"दादा, तुजो कारखानो माज्या खोट्या निकालार चललो. माका ठावक होता आनि मी गप रवलंय. ता माजा पाप."

"पापपुण्य तुज्याकडे ठेव. सही कर."

"नाय करूचंय."

सिद्धेश आईकडे वळला. आई इतका वेळ दारात उभी होती. हर्षदाला वाटलं, आता आई बोलेल. काजू सादळल्याचं तिनेच तर ओळखलं होतं. आईने आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं. सूर हळू होता तिचा.

"तुजा बरोबर आसा गो," ती म्हणाली. "पन रवूक माका ह्याच्याकडेच होया." आणि ती मुलाच्या मागून निघून गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. हर्षदाने केला तर वहिनी उचलायची आणि आई झोपलीय म्हणायची.

बाराव्या दिवशी सागरसंघाचं परिपत्रक निघालं. स्ट्रॉन्शियमची चाचणी सक्तीची. नमुना हवाबंद डब्यात. मार्गिका एकच, सगळ्यांसाठी. सातव्या कलमाची स्थगिती मागे. नापास ठरलेल्या दोनशे बारा खेपांची फेरतपासणी. जे होणं सहा वर्षं अशक्य होतं, ते चीजला बुरशी लागताच बारा दिवसांत झालं. हर्षदाला आनंद व्हायला हवा होता. तिला एवढंच वाटत राहिलं, की इतकं सोपं होतं.

त्याच दिवशी जिल्ह्याच्या पेपरात पहिल्या पानावर तिचा फोटो आला. वर मथळा: 'सिंधुदुर्गच्या लेकीने तारले गरीब देश'. आत तिच्या शाळेची माहिती, सत्काराची तारीख, आणि आफ्रिकेतल्या भगिनी आपल्या या कन्येच्या जन्मभर ऋणी राहतील, असं एक वाक्य.

दुपारी अंगोशेहून फोन आला.

"मी तुझ्या पेपरातलं वाचून घेतलं," एर्मेलिंदा म्हणाली. "तू आम्हाला तारलंस म्हणे."

"ते मी सांगितलेलं नाही."

"तुमच्या लोकांनी माझ्या तीन खेपा विकून खाल्ल्या. अठरा महिने कारखाना अर्धाच चालला. सहाशेपैकी दोनशे बायका आता येणार नाहीत. शहरात गेल्या, कुठे आहेत कळत नाही. आणि जन्मभर ऋणी आम्ही?"

हर्षदाने समोरचा पेपर उलटा करून ठेवला.

"आम्ही उपकार मागायला आलो नव्हतो. आमचा काजू आमचा आहे, एवढं म्हणा, असं मागत होतो. ते छापायला सांग." आणि तिने फोन ठेवला. तिने आभार मानले नाहीत हे हर्षदाला फार बरं वाटलं. त्या दिवसात बरं वाटलं ते तेवढंच.

तिने पेपरच्या संपादकाला फोन लावला. त्याने आधी अभिनंदन केलं, मग दुरुस्ती म्हटल्यावर कागद ओढल्याचा आवाज आला.

"हं, सांगा मॅडम. यंत्रात बिघाड होता असं लिहू का?"

"यंत्रात बिघाड नव्हता."

"मग काय लिहू?"

"लिहून घ्या. काजू त्यांचाच होता. तो ओला आम्ही केला, आणि सहा वर्षं त्यांना चोर म्हटलं."

पलीकडे पेन थांबलं. "आम्ही म्हणजे कोण, मॅडम? नाव लागेल."

"हर्षदा गावडे," ती म्हणाली. "पहिलं माझं घाला. बाकीची मी सांगते, लिहीत राहा."